मुरंब्यावरचं पाणी

तीन गावांचं पाणी शुद्ध करणारं केंद्र परवडतं की बंद करायचं, हे ठरवायला आज नोवी साद शहरातून माणूस येणार होता. "पाण्याचा खप कमी दिसला तर कुलूप लावतील," असं राडोयकाच्या कानावर आलं होतं. मग पुन्हा विहिरीचं पाणी, त्यात आर्सेनिक. त्याच पाण्याने तिचा नवरा गेला होता. म्हणून सकाळपासून ती दारोदार फिरली. "नळ सोडून ठेवा गं बायांनो. मीटर पळू दे. एक दिवस काटकसर गेली खड्ड्यात."

दुपारी तो माणूस, तिहोमिर, नेमका तिच्याच घरी येऊन टेकला. रीतीप्रमाणे तिने आधी चमचाभर चेरीचा मुरंबा पुढे केला.

"काकू, खरं सांगू?" मुरंबा तोंडात घोळवत तो म्हणाला. "तुम्ही पाणी किती वापरता याच्याशी मला कर्तव्य नाही. खर्चाचं गणित बसलंय. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचतं का, एवढंच बघायचं राहिलंय. शेवटचं घर तुमचंच ना?"

"हो," राडोयका म्हणाली.

"मग काय, मुरंब्यावर पेलाभर पाणी द्या. ते पितो आणि इथेच सही करतो."

शेजारच्या अंगणात नळ धो धो वाहत होता. राडोयकाने पेला धरला आणि आपला नळ सोडला.



नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला.