एक हात बाकी

सहावी ‘ब’च्या भिंतीचा रंग मुलं ठरवत. सगळ्यांनी तळवे टेकवले की भिंतीला त्यांची इच्छा कळे. एक जरी हात कमी असला तरी ती थांबे. वर्ग सगळ्यांचा आहे, कुणाला वगळायचं नाही, हे मुलांनीच तिला जूनमध्ये शिकवलं होतं.

तेव्हापासून भिंत पिवळी होती. रेवतीने हट्टाने निवडलेला रंग. दिवाळीच्या सुट्टीत रेवती तापाने गेली.

“बाई, बदलूया ना. बघवत नाही,” तिच्या बाकावरची मृण्मयी म्हणाली.

एकतीस तळवे टेकले.

“एक हात बाकी आहे,” भिंत म्हणाली. “थांबते.”

“अगं, ती नाही येणार आता!” विराज चिडून म्हणाला.

सोनटक्केबाई भिंतीजवळ आल्या. “भिंतीच्या यादीतून तिचं नाव काढावं लागेल. चालत असेल तर हात तसेच ठेवा.”

सगळ्यांत आधी मृण्मयीने हात काढून पाठीमागे घेतला.

“राहू दे, बाई. पिवळाच बरा आहे.”

मग एकेक तळवा खाली आला.

“बरं,” भिंत म्हणाली. “मी थांबते.”