मागचं दार

विज्ञान शिकलेला माणूस भुताला भीत नाही, असं बेलापूरच्या डॉक्टर दिघ्यांचं ठाम मत होतं. म्हणूनच चौऱ्याऐंशीच्या आगीत तिथे दाखल असलेली सुंदराबाई त्यांच्या दवाखान्याच्या ज्या मागच्या दाराशी धुरात घुसमटून गेली, त्या दाराचं कुलूप त्यांनी त्यानंतरही काढलं नाही. "उघडं ठेवलं की नातेवाईक आडवेळी आत शिरतात," म्हणायचे. अग्निशमनवाले सांगून थकले.

पुढच्या वर्षी आया गोजराची लेक बाळंत होऊन नेमकी त्या दाराजवळच्या खाटेवर आली. गोजराच्या जिवाला घोर लागला. अमावास्येला डॉक्टर राउंडला आले, तशी ती केस मोकळे सोडून दारापुढे घुमू लागली.

"मी सुंदरा! अजून आतच हाय मी! कुलूप काढ रे, डाक्टर!"

आवाज स्वतःचाच असून गोजराच्या अंगावर काटा आला. डॉक्टर तर पांढरेफटक पडले. हात जोडून म्हणाले, "काढतो बाई, उद्याच काढतो. पण पुन्हा आत येऊ नकोस."

गोजरा निर्धास्त झाली.



दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा कुलूप खरंच काढलेलं होतं, आणि दाराच्या जागी गवंडी नव्या भिंतीला गिलावा करत होता.