हवाच होती

"अजून मारू का पंप?" छबूने बॉनेटखालून विचारलं.

"बुडबुडे थांबेपर्यंत मार. डिझेलच्या पाइपात हवा धरलीय," ओसरीवरच्या खाटेवरून नवरा खेकसला. अपघातात त्याचा पाय गेला होता, आवाज मात्र पूर्वीचाच होता.

बुडबुडे केव्हाच थांबले होते. स्टार्टर जोरात फिरत होता, तरी जीप जराही धूर सोडत नव्हती. दसऱ्याच्या पूजेपासून ती जागची हललीच नव्हती.

"बाईमाणसाचं काम नाही ते. जाऊ दे भंगारात," नवरा म्हणाला. अंगणात बसलेला भंगारवाला चहा संपवून दोर सोडायला लागला.

"दोर ठेवा खाली, भाऊ," छबू म्हणाली. "बाजाराची माणसं फाट्यावर थांबलीत. आज मी नेणार आहे त्यांना."

ती पुन्हा सीटवर चढली. धूर नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. इंजिन बंद करताना डिझेल तोडायला ओढायचं बटण अर्धवट बाहेर होतं. त्याच्या दांडीला झेंडूची वाळकी माळ घट्ट गुंडाळलेली होती. पूजेला नवऱ्याने कुबड्यांवर येऊन, हट्टाने स्वतःच्या हाताने बांधलेली.

तिने दोरा तोडला, बटण आत ढकललं आणि चावी फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि अंगणभर काळा धूर सोडत गरजायला लागली.

"काय होतं गं?"

छबूने माळ पदराखाली घेतली. "हवाच होती. तुम्ही म्हणालात तशी."

त्याने इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला. मग ओरडला, "दुसऱ्या गिअरला अडते ती. क्लच दोनदा दाब."