अनुदान मंजूर

"मंजूर झालं!" डेक्लनने फाटकातूनच ओरडून सांगितलं. सुश्रुतला इतका आनंद झाला, की बघणाऱ्याला वाटावं घर याच्याच बापाचं आहे.

घर डेक्लनचं होतं. आयर्लंडमधल्या मलिंगार गावाच्या टोकाला असलेल्या त्या जुन्या घरात सुश्रुत, त्याची बायको यामिनी आणि सात वर्षांची मुलगी गुंजन भाड्याने राहत होती. थंडीत भिंतींना काळी बुरशी धरायची. गुंजनचा खोकला सप्टेंबरात यायचा आणि हट्टी पाहुण्यासारखा एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकायचा. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आल्यापासून सुश्रुत मीटिंगलाही कानटोपी घालून बसायचा. अशात त्याला शोध लागला, की घर उबदार करायला सरकार अनुदान देतं. भिंतींना आतून अस्तर, तेलाचा बॉयलर काढून विजेवर घर तापवणारा हीट पंप, सगळ्याला. मग काय, पुण्याचा माणूस! फुकट ते पौष्टिक, आणि नियम वाचायचे तर शेवटच्या तळटीपेपर्यंत. अर्ज घरमालकालाच करता येतो म्हणून त्याने डेक्लनच्या नावाने तो बसून भरला. डेक्लन बिचारा नुसती छताखाली लोकर अंथरू म्हणत होता. करायचं तर पूर्ण करा, अनुदान जास्त मिळतं, हे सुश्रुतनेच त्याला पटवलं.

मे महिना होता, तरी साथीमुळे घरात कोणी कोणाला अजून बोलवत नव्हतं. त्यामुळे बोलणं अंगणातच, अंतर ठेवून. डेक्लनने बागेतल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी आणली होती, ती त्याने पायरीवर ठेवली. आवाज ऐकून यामिनी बाहेर आली.

"थंडीच्या आत होईल का काम?" सुश्रुतने विचारलं. "गुंजनची खोली आधी घेतली तर फार बरं."

डेक्लनने मास्क नीट केला. खरं तर तो नीटच होता.

"तसं नाही होणार रे. जमीन सगळी उखडायची, भिंती आतून उघड्या करायच्या. कंत्राटदार म्हणतो, घर रिकामं पाहिजे."

"किती दिवस?"

"पाच महिने धर. जास्तही. कामाला माणसं कुठे मिळतात आता?"

"आणि आम्ही कुठे जायचं?" यामिनी म्हणाली.

"सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती मी देईनच. आणि काम झालं, की पहिला हक्क तुमचा, देवाशप्पथ. भाडं मात्र..." डेक्लन अडखळला. "एजंट म्हणतो, घर नव्यासारखं झालं, की भाडंही नव्या घराचं. मला वाटलं, सुश्रुत, तुला ठाऊक असेल. तूच तर सगळं वाचलं होतंस."

वाचलं होतं. सगळं वाचलं होतं. त्यात भाडेकरू हा शब्दच कुठे नव्हता.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गावात भाड्याचं घर निघालं, की बघायला फाटकापर्यंत रांग लागते. यामिनीची हॉस्पिटलातली नोकरी इथली, गुंजनची शाळा कोपऱ्यावर. पहिलं वर्षभर ती पोर शाळेत तोंड उघडत नव्हती, आता कुठे मैत्रिणींबरोबर बडबडत शाळेतून यायला लागली होती. सुश्रुतला रडू फुटेल असं वाटलं. भांडावं तर भांडायला समोर वाईट माणूस हवा. समोर हा सत्तरीचा म्हातारा, रुबार्ब घेऊन आलेला.

"आणखी एक काम होतं," डेक्लनने कोटाच्या खिशातून एक कागद काढला. "नोटीस मी लिहून पाहिलीय. पुतण्या म्हणतो, एवढीशी चूक राहिली तरी रद्द होते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. तोपर्यंत अनुदानाची मुदत जायची. असल्या गोष्टी तुलाच कळतात. जरा नजर टाकशील? सही अजून केलेली नाही."

सुश्रुतने कागद घेतला. नको म्हणायला हवं होतं, हे त्याला हात पुढे केल्यावर सुचलं.

वाचता वाचता तो एका ओळीवर थांबला. घर सोडायची तारीख सहा महिने भरायच्या दोन दिवस आधीची होती.

यामिनी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती. दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की तो कसा दिसतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

"सुश्रुत," ती मराठीत म्हणाली. डेक्लनला हवापाण्याच्या गप्पा वाटाव्यात म्हणून ओठांवर हसू ठेवून. "चूक आहे ना त्यात? सांगू नकोस. प्लीज. नोटीस रद्द झाली तर गुंजनचं शाळेचं पुढचं वर्ष तरी इथे निघेल."

त्याने ती तारीख पुन्हा बोटांवर मोजली.

"आपण खोटं नाही बोलत आहोत. फक्त गप्प बसायचंय. एवढं एकदा जमव ना रे."

"ग्रँड आहे ना सगळं? ठीक?" डेक्लनने विचारलं. त्याचा चेहरा परीक्षेचा पेपर तपासून घेणाऱ्या मुलासारखा झाला होता.

सुश्रुतने कागदाची घडी घातली. यामिनीने श्वास सोडला.

मग त्याने घडी पुन्हा उघडली, पायरीवर बसून कागद गुडघ्यावर सरळ केला आणि तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं.

"डेक्लन," तो म्हणाला, "पेन आहे तुमच्याकडे?"