हळुवार तपासणी

डॉक्टरांनी आईची पाठ आणि मान अत्यंत हळुवारपणे तपासली, असे रुग्णालयाचे अधिकृत म्हणणे आहे. त्यातला ‘हळुवारपणे’ हा शब्द औदार्याने सोडून दिला, तरी उरलेले विधान खरे ठरत नाही.

मी पडद्याबाहेर उभी होते. आत आईचे मणके एकामागून एक कटकट वाजत होते आणि तो आवाज कमरेपासून वर सरकत होता.

“अहो डॉक्टर, पाठ आहे ही, कणीक नव्हे!” आई आधी हसून म्हणाली. आवाज मानेपाशी पोहोचला, तेव्हा मात्र तिला “सोडा” एवढेच म्हणता आले.

मी पडदा ओढला. पालथ्या पडलेल्या आईची मान अजून वळतच होती. पलीकडच्या भिंतीला चिकटून उभे असलेले डॉक्टर कसेबसे म्हणाले,

“ताई, मी अजून हातच लावलेला नाही.”