खोक्यातली दारं

राजदादाचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे जाताना दिसला आणि वेदिका धावत पुढे आली.

इंदिरानगरच्या कॉम्प्युटर क्लासने हा बंद पडलेला कॉम्प्युटर त्याच्याकडे दिला होता. चालू करून आणलास तर नोकरी, नाहीतर दुसरा मुलगा बघू. कालच तो दुरुस्त झाला होता. आज सकाळी झाकण काढून दादाने तिला आतली काळी चिप दाखवली.

"यात लाखो दारं हायेत, वेदे. मळ्यात पाणी वळवाया आपण दारं धरतो ना, तशी. पाण्याच्या जागी वीज. दार उघडलं की वीज पुढं जाती, मिटलं की थांबती. अन् ती वीजच पुढची दारं उघडती. गणितं, चित्रं, समदं त्या उघडझापीतून."

मग तो आंघोळीला गेला आणि आईने हुकूम सोडला, "दसरा हाय. फावडं, पंप, सगळ्याला हळदीकुंकू लाव." नुसत्या पत्र्याच्या खोक्याला काय लावायचं? वेदिकाने ओल्या बोटाने थेट चिपलाच लावलं, वर झेंडूने पाणी शिंपडलं आणि शहाण्यासारखं झाकणही बसवून टाकलं.

आता मात्र तिला मळ्यातला बांध आठवला. तो फुटला की पाणी भलत्याच सरीत घुसतं; ओल्यातून वीजही तशीच भलत्या दारात घुसली तर?

"दादा, दाबू नको! आत कुंकू हाय. वल्लं."

राजने झाकण काढलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने फडकं उचललं.

"खबरदार!" आई दारातून कडाडली. "बाप बाजारात फुलं इकतोय, अन् सणाचं कुंकू पुसतो व्हय रे?"

राजचा हात जागीच थांबला. वेदिकाला रडू फुटलं. "आई, दादाची नोकरी जाईल गं!"

आई क्षणभर देवाच्या फोटोकडे बघत राहिली. मग राजला बाजूला सारून तिने पदराचं कोरडं टोक बोटाला गुंडाळलं आणि चिप पुसून काढली, फटीकोपऱ्यांसकट.

दुपारपर्यंत उन्हात वाळवून राजने जीव मुठीत धरून बटण दाबलं. पडदा उजळला. तो आनंदाने ओरडलाच.

आई तिकडे बघतही नव्हती. पदराचं लाल टोक ती कमरेत आत आत खोचत होती.

"वेदे," ती हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला सांगू नगं, मी कुंकू पुसलं म्हणून."