दुपारी बाराचा पहारा

पार्सल फोडायच्या आधी ज्ञानोबांनी त्याला बुक्का लावला. आत पुस्तकाच्या पाच प्रती निघाल्या. भाविकांचे अनुभव, आणि त्यातला पहिलाच अनुभव त्यांचा.

आधी तो मासिकात आला. मग एका दिवाळी अंकात. ज्ञानोबांची सांगायची हातोटीच तशी. कीर्तनकार गावोगावच्या सप्त्यात तो दृष्टांत म्हणून घेऊ लागले, बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. आता पुस्तक. ते पाहायला लेक हर्षाली कळंबहून आली होती. ओसरीवर बसून ती मोठ्यानं वाचू लागली.

सप्त्याचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन तास एकाच्या गळ्यात, मग दुसऱ्याच्या. बारा वर्षांपूर्वी, पाचव्या दिवशी, दहा ते बाराचा पहारा ज्ञानोबांचा होता. साडेअकराला घरून निरोप आला, बायकोच्या, सारजाबाईच्या छातीत कळ निघालीय. दारात जीप उभी होती, पण नवरा आल्याबिगर सारजाबाई पाय उचलीना. सगळं गाव पंगतीला बसलेलं. मंदिरात वीणा घ्यायला दुसरं कुणी नाही. बाराला महारुद्र यायचा, तो आला एक वाजता. तोवर ज्ञानोबांनी वीणा खाली ठेवली नाही. सारजाबाई कळंबच्या वाटेवरच गेली.

हर्षाली तेव्हा दहावीत होती. आईचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. शेवटच्या ओळी तिला वाचवेनात.

पायरीशी कुणीतरी खाकरलं. महारुद्र होता. त्याच्या त्या उशिराची कुजबुज गावात आधीपासून होतीच. छापून आल्यावर मात्र त्याला कुणी पहारा दिला नाही. पंगतीत वाढायलासुद्धा हाक मारली नाही. आता अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"तात्या, औंदा मला एक पहारा द्यायला सांगा," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "सोलापूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणलंय. म्होरला सप्ता काय मला घावत न्हाय."

"माझ्या हातात काय हाय, महारुद्रा? लोक पुस्तक दाखवत्यात."

"पुस्तक तुमचंच हाय की."

हर्षाली उठून पुढे आली. बारा वर्षांत ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती.

"काका, एकच विचारते. त्या दिवशी कुठं होता तुम्ही? काही अडचण आली असंल तर सांगा. खरं कारण असंल तर मी स्वतः जाते पंचांकडं. पहारा द्या म्हणून सांगते."

महारुद्रनं ज्ञानोबांकडं पाहिलं. ज्ञानोबा पुठ्ठ्यावरची दोरी बोटाला गुंडाळत होते. मान वर केली नाही.

"झोपलो हुतो, बाई," महारुद्र म्हणाला. "लिवलंय त्ये बराबर हाय."

"मग पहारा मागायला कुठल्या तोंडानं आलात?"

हर्षाली आत निघून गेली. चहाचं आधण तिनं चुलीवरून उतरवून ठेवल्याचा आवाज बाहेर आला.

महारुद्र वळला. ज्ञानोबा ओसरी उतरून त्याच्यामागं गेले. बोलायच्या आधी त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"बाराच्या आधीच तू आंघोळ करून, हात पसरून म्होरं हुबा हुतास," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोनदा हाक मारलीस. म्याच डोळं उघडलं न्हाईत. घरी काय बघावं लागंल ह्याची लई भीती वाटत हुती. वीणा गळ्यात हाय तवर जावं लागत न्हाय, एवढंच कळत हुतं. तासभर तू तसाच हुबा. मग आत्ता तिला का सांगितलं न्हाईस?"

महारुद्रनं भिंतीला धरून पायात चपला सरकवल्या.

"पोरीची आई तर गेलीच, तात्या. आता बाप बी म्याच न्यायचा का?"